डोळ्यांखालचं काळं: लेप लावण्याआधी आरसा घेऊन खिडकीत बसा

चैत्र सरत आला होता. अमळनेर तालुक्यातल्या एका खेड्यातून तिशीची एक ताई माझ्या दवाखान्यात आली. भावाचं लग्न पंधरा दिवसांवर होतं आणि तोवर डोळ्यांखालचं काळं जाईल असा लेप तिला हवा होता. साखरपुड्यात भेटेल ती बाई तिला एकच विचारत होती, "काय व माय, डोया खाले कितलं कायं व्हयनं! रातले झोप येस नही का?" बटाट्याचा रस, टोमॅटो, काकडी सगळं लावून झालं होतं. शेवटी कुणीतरी लिंबू-बेसन सांगितलं. ते लावून ती तशीच उन्हात कांदे काढायला गेली, आणि गालाच्या हाडावर नवा तपकिरी डाग घेऊन परतली.

मी तिची खालची पापणी हलकेच ओढून पाहिली. आतला भाग लालसर दिसायला हवा, तो पांढुरका होता. जिना चढताना धाप लागते का, पाळीत किती दिवस जातं, असं विचारत गेले आणि मग आवाज खाली आणून विचारलं, माती खावीशी वाटते का? ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, चुलीत भाजलेलं खापर. रोज एक तुकडा. घरात कुणालाच माहीत नाही.

त्या दिवशी मी लेप दिला नाही, रक्ताची तपासणी लिहून दिली. ती नाराज होऊन गेली. तिला घाईत जे नीट सांगता आलं नाही, ते इथे सविस्तर लिहिते आहे.

एकाच नावाखाली तीन-चार वेगळ्या गोष्टी

डोळ्यांखालची त्वचा अंगावरच्या सगळ्या त्वचेत पातळ असते, साधारण अर्धा मिलिमीटर. कांद्याचा आतला पापुद्रा बोटावर ठेवला तर खालचं बोट दिसतं, तसंच इथे होतं. त्वचेखाली चरबीचा थर जवळजवळ नसतो, लगेच स्नायू आणि बारीक रक्तवाहिन्या लागतात. तेल सोडणाऱ्या ग्रंथीही इथे कमी, म्हणून ही जागा चेहऱ्याच्या आधी कोरडी पडते. शरीरात कुठे काही बिघडलं की इथे चटकन दिसतं ते याच कारणाने.

हे काळं मुख्यतः तीन प्रकारचं असतं. पहिलं रंगाचं: त्वचेत मेलॅनिन नावाचं रंगद्रव्य जास्त साठतं आणि तपकिरी छटा येते. दुसरं रक्ताचं: पातळ त्वचेतून खालच्या शिरा दिसतात आणि निळसर-जांभळी छटा येते. तिसरं म्हणजे निव्वळ सावली. वय वाढलं, वजन झपाट्याने उतरलं किंवा हाडाची ठेवणच तशी असली की डोळ्याखाली खळगा पडतो आणि वरून येणाऱ्या उजेडाची सावली त्यात बसते. बहुतेकांमध्ये यातले दोन प्रकार एकत्र असतात.

आपलं कुठलं, हे घरी बऱ्यापैकी कळतं. सकाळी आरसा घेऊन खिडकीशी बसा, ट्यूबलाइटखाली नको. खालची त्वचा बोटाने अगदी हलकेच बाजूला ताणा. तपकिरी रंग होता तसाच राहिला तर ते रंगाचं. ताणल्यावर निळसर-जांभळं जास्त उठून दिसलं तर रक्तवाहिन्यांचं. आता घरातल्या कुणाला तरी समोरून मोबाइलची बॅटरी धरायला सांगा. काळं एकदम फिकं पडलं तर ती खळग्याची सावली आहे. ही परीक्षा डॉक्टरची जागा घेत नाही, पण चुकीच्या लेपावर जाणारे सहा महिने नक्की वाचवते. सावलीवर चंदन उगाळून लावलं तर चंदन वाया जातं, आणि रक्त कमी असलेल्या बाईला केशराचं तेल दिलं तर तिचं आजारपण आणखी वर्षभर लपून राहतं.

एक गोष्ट मला ठासून सांगायची आहे. आपल्या सावळ्या वर्णाच्या लोकांत डोळ्यांभोवतीचा गडद रंग पुष्कळदा घराण्यातून येतो. आजीचा, आईचा, मामाचा जुना फोटो काढून पाहा. दहा-बारा वर्षांच्या वयापासून असलेलं, दोन्ही बाजूंना सारखं, कसलाही त्रास नसलेलं काळं हा रोग नाही. लेपाने, तेलाने ते थोडं फिकं होईल, पुसलं जाणार नाही. मुलगी पाहायला आलेले लोक यावरून बोलतात आणि मग आई मुलीला दवाखान्यात घेऊन येते, हे मी अनेकदा पाहिलं आहे. प्रत्येक वेळी मला वाईट वाटतं.

आपल्याकडचं ऊन, धूळ आणि रात्रीची लाइट

खानदेशात राहणाऱ्यांच्या डोळ्यांखाली काळं येण्याची काही कारणं इथल्या जगण्यातच आहेत. शहरातल्या सौंदर्य सल्ल्यांत ती सापडत नाहीत.

सगळ्यात आधी झोप. शेतीची थ्री फेज लाइट आठवड्यातले काही दिवस रात्रीच येते. मका, गहू, कांद्याला पाणी भरायचं तर अकरा-बाराला शेतात जावं लागतं. केळीला ठिबक असली तरी कॉक फिरवायला उठावंच लागतं. घरातली बाई शेतात गेलेल्या माणसासाठी जागी राहते आणि पहाटे पुन्हा भाकरीला उठते. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ अंशांकडे जातो, तेव्हा धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर, झोपूनही मध्यरात्रीपर्यंत डोळा लागत नाही. झोप कमी पडली की चेहरा फिका पडतो, फिक्या त्वचेतून शिरा जास्त दिसतात, आणि सकाळी पापण्या सुजलेल्या असल्या की त्यांची सावलीही पडते. "एवढे दिवस नव्हतं, आता दिसायला लागलं" असं सांगणाऱ्यांत हे कारण फार वेळा निघतं.

आयुर्वेदाने आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन उपस्तंभ, म्हणजे आधाराचे खांब, मानले आहेत. रात्रीच्या जागरणाने शरीरात रूक्षता वाढते, असंही म्हटलं आहे. अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात यावर एक नेमका तोडगा आहे: रात्री जागरण झालं तर जितका वेळ झोप बुडाली त्याच्या निम्मा वेळ दुसऱ्या दिवशी सकाळी, जेवणाआधी झोपून घ्यावं. रात्री चार तास पाणी भरलं असेल तर सकाळी दोन तास, उपाशीपोटी. भरपेट जेवून दुपारी चार तास लोळण्यापेक्षा याने डोके आणि डोळे दोन्ही हलके होतात. माझ्याकडे येणाऱ्या शेतकऱ्यांना मी हे हमखास सांगते, कारण त्यांना "रात्री दहाला झोपा" सांगणं निरर्थक आहे.

दुसरं कारण चोळणं. नंदुरबारकडे मिरची वाळवायच्या पथारीवर काम करणाऱ्या बायका, कापसाच्या जिनिंगमधले मजूर, गहू काढताना यंत्राच्या मागे उभी असलेली पोरं, बांधावरचं गाजर गवत उपटणारे: या सगळ्यांचे डोळे खाजतात, नाक चोंदतं. नाक चोंदलं की डोळ्यांखालच्या शिरांतलं रक्त नीट वाहून जात नाही, तिथेच तुंबतं आणि निळसर छटा येते. त्यात खाज म्हणून मनगटाने चोळलं की नाजूक त्वचेला सतत मार बसतो आणि ती स्वतःला वाचवायला जास्त रंग तयार करते. अशा माणसाला लेपाची गरज दुय्यम. तोंडाला रुमाल, कामावरून आल्यावर थंड पाण्याने चेहरा धुणं, आणि ॲलर्जीचा नीट इलाज. यानेच अर्धं काम होतं. लहान मूल सारखं नाक वर घासत असेल आणि त्याच्या डोळ्यांखाली काळं दिसत असेल तर "रात्री मोबाइल पाहतो" असं ठरवण्याआधी त्याची ॲलर्जी तपासा.

तिसरं ऊन. स्कूटीवर जाणाऱ्या आपल्या मुली स्कार्फ इतका घट्ट बांधतात की फक्त डोळे उघडे राहतात, म्हणजे सगळा चेहरा झाकून जी जागा सर्वांत नाजूक तीच उन्हात. मोठ्या काचेचा गॉगल घाला. तो चैनीचा नाही, औषधाइतका गरजेचा आहे. सनस्क्रीन लावायचं तर डोळ्याखालच्या हाडापर्यंत लावा.

काजळ रात्री पुसून झोपा. बाजारातल्या काही सुरम्यांत शिसं असतं, ते लहान बाळाला तर मुळीच लावू नका. केसांचा काळा रंग, काळी मेहंदी, टिकलीचा गोंद यांच्या ॲलर्जीनेही पापण्या काळवंडतात. नवीन काही सुरू केल्यावर खाज आली असेल तर आधी ते थांबवा.

जुन्या ग्रंथांनी काय पाहिलं होतं

"डोळ्यांखालची वर्तुळं" असा स्वतंत्र रोग आयुर्वेदात नाही. सर्वांत जवळचं वर्णन येतं ते व्यंगाचं. सुश्रुतसंहितेत क्षुद्ररोगांमध्ये, म्हणजे किरकोळ रोगांमध्ये, ते आहे: चेहऱ्यावरचं, न दुखणारं, पातळ, सावळं मंडल. त्याचं कारण म्हणून तिथे क्रोध आणि आयास, म्हणजे अतिश्रम, यांनी बिघडलेला वायू पित्तासोबत चेहऱ्याशी येतो असं सांगितलं आहे. त्वचेच्या डागाचं कारण शोधताना ग्रंथकार आधी माणसाच्या रागाकडे आणि थकव्याकडे पाहतो, हे मला फार मोलाचं वाटतं.

त्याहून मोलाचं वर्णन पांडुरोगाचं आहे, म्हणजे ज्याला आपण आज ढोबळमानाने रक्तक्षय म्हणतो. पांडू होण्याआधी दिसणारी लक्षणं सुश्रुतसंहितेत मोजली आहेत, त्यांत माती खाणं आणि डोळ्यांच्या खोबणीभोवती सूज येणं ही दोन्ही एकाच ओळीत शेजारी-शेजारी आहेत. लोह कमी पडलेल्या माणसाला माती, खापर, पाटीवरची पेन्सिल, कच्चे तांदूळ, बर्फ असं काहीबाही खावंसं वाटतं, हे आजचं वैद्यकही सांगतं. शरमेने लपवलेली ही सवय खरं तर एक लक्षण आहे. म्हणूनच त्या ताईला मी तो प्रश्न विचारला होता.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्ताची कमतरता आढळली, महाराष्ट्रात सुमारे ५४ टक्के. म्हणजे दोघींपैकी एकीला. गरोदर नसलेल्या स्त्रीचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर ते कमीच. आणि आपण मात्र तिच्या डोळ्यांखाली काकडीच्या चकत्या ठेवत बसतो.

खाण्याबाबत आपला प्रदेश खरं तर भाग्यवान आहे. अंबाडीची भाजी, शेवग्याचा पाला, पोकळा, बाजरी, कळण्याची भाकरी, तीळ, हरभरे हे सगळं घरात असतं. त्यातलं लोह अंगी लागायला दोन गोष्टी लागतात. जेवताना लिंबू पिळा, किंवा आवळा, पेरू, कच्ची कैरी खा. या फळांतलं क जीवनसत्त्व लोह शोषून घ्यायला मदत करतं. (लिंबाची योग्य जागा ताटात आहे, डोळ्याखाली नाही.) आणि जेवणानंतर लगेचचा चहा सोडा, तो तास-दीड तास पुढे ढकला, कारण चहा लोह अडवतो. भाजी लोखंडी कढईत करा. केळ्याबद्दल मात्र एक गैरसमज काढायला हवा, आणि हे केळीच्या गावात बसून सांगते आहे: केळं ताकद देतं, पोटॅशियम देतं, पण १०० ग्रॅम केळ्यात लोह अर्धा मिलिग्रॅमही नसतं. रक्तासाठी केळ्यावर विसंबू नका, आणि त्याची साल डोळ्यांवर घासण्यातही काही अर्थ नाही.

शाळेत मुलींना आठवड्यातून एकदा मिळणारी लोहाची निळी गोळी अनेक घरांत "मळमळते" म्हणून कचऱ्यात जाते. ती जेवणानंतर द्या. शौचाला काळं होणं अपेक्षितच आहे, त्याने घाबरू नका.

पण सातपुड्याच्या पायथ्याशी, नंदुरबार, धडगाव, अक्कलकुवा भागात एक इशारा फार महत्त्वाचा आहे. तिथल्या आदिवासी कुटुंबांत सिकलसेल आढळतो. त्यातही रक्त कमी होतं, पण कारण वेगळं असतं: तांबड्या पेशी विळ्यासारख्या होऊन लवकर तुटतात. अशा रुग्णाला तपासणीशिवाय लोहाच्या गोळ्या किंवा लोहभस्म, मंडूर अशी लोह असलेली औषधं देणं बरोबर नाही. आधी सिकलसेलची चाचणी. ती सरकारी दवाखान्यात होते. २०२३ मध्ये यासाठी राष्ट्रीय मोहीमही सुरू झाली आहे. घरात कुणाला वारंवार सांधेदुखीचे झटके येत असतील, डोळे पिवळे दिसत असतील तर हे विसरू नका.

लेप कसा लावायचा

रंगाचं काळं असेल तर लेपांचा थोडा उपयोग होतो. माझा सर्वांत जास्त विश्वास ज्येष्ठमधावर आहे. त्यातला एक घटक मेलॅनिन तयार करणाऱ्या एन्झाइमला आवर घालतो, हे प्रयोगशाळेतही दिसलं आहे. वस्त्रगाळ ज्येष्ठमध चूर्ण पाव चमचा, निरशा दुधात किंवा गुलाबपाण्यात कालवा आणि डोळ्याखालच्या हाडावर पातळ लावा. पापणीवर नाही, डोळ्याच्या कडेला नाही. मंजिष्ठा, रक्तचंदन, लोध्र, मसूर हे व्यंगावरचे जुने लेपही याच रीतीने लावतात, पण मसुराचं पीठ खरखरीत असतं, ते या जागी घासू नका.

लेपाचे दोन नियम ग्रंथांत आहेत आणि आज सगळे ते मोडतात. लेप कडक वाळू द्यायचा नाही. काढताना आधी ओला करून मग पुसायचा. वाळलेला लेप त्वचा ओढतो, कोरडी करतो, आणि ओरबाडून काढला तर चोळल्याचाच परिणाम होतो. दुसरं, लेप रात्री लावून झोपायचं नाही. दहा मिनिटं पुरे, आठवड्यातून दोन-तीनदा. पहिल्यांदा कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस वाट पाहा.

कुंकुमादि तेल अष्टांगहृदयापासून चालत आलं आहे. त्यातलं कुंकुम म्हणजे केशर, देवापुढचं कुंकू नव्हे. खरं केशर घातलेलं तेल स्वस्त असूच शकत नाही, एवढं लक्षात ठेवून विकत घ्या. रात्री एक-दोन थेंब, अनामिकेने, न ओढता. चेहरा तेलकट असेल, पुटकुळ्या येत असतील तर टाळा. ते परवडत नसेल तर साधं बदाम तेल घ्या. कोरडेपणा गेला की बारीक सुरकुत्यांमुळे दिसणारं काळं तेवढ्यानेही कमी होतं.

रक्तवाहिन्यांचं निळसर काळं आणि सकाळची सूज यांवर गारवा चालतो. माठातल्या पाण्यात सुती पट्टी भिजवून पाच-दहा मिनिटं मिटल्या डोळ्यांवर ठेवा. काकडी हेच काम करते, तिच्यात वेगळी जादू नाही. उशी थोडी उंच घ्या. रात्रीच्या जेवणात शेव, पापड, बिबड्या, लोणचं कमी करा. मिठाने पाणी धरलं जातं आणि ते सकाळी पापण्यांत दिसतं. झोपण्याआधी तळपायाला तूप लावून काशाची वाटी घासण्याची आपली रीत चांगली आहे. त्याने काळं थेट जाणार नाही, पण झोप शांत लागते, आणि झोपेचं महत्त्व वर सांगितलंच आहे.

नेत्रतर्पण (डोळ्यांवर औषधी तूप धरणं), नस्य (नाकात औषध सोडणं) हे उपचार वैद्याच्या हातून करायचे. घरी त्रिफळ्याचा काढा गाळून त्याने डोळे धुणं मी सांगत नाही, कारण घरच्या गाळणीतून बारीक कण सुटतातच आणि काढा निर्जंतुकही राहत नाही.

काय टाळायचं ते आता थेट सांगते. लिंबू: त्याचा रस लागलेल्या त्वचेवर ऊन पडलं की ती भाजल्यासारखी होते आणि डाग महिनोन् महिने राहतो. टूथपेस्ट, खाण्याचा सोडा: दोन्ही नकोच. आणि सर्वांत घातक, मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली गोरं करणारी मलमं. त्यांतल्या अनेकांत स्टेरॉइड असतं. पहिले पंधरा दिवस चेहरा उजळतो, मग त्वचा आणखी पातळ होते, शिरा जास्त दिसतात, आणि डोळ्याजवळ दीर्घकाळ वापरलं तर काचबिंदू-मोतीबिंदूपर्यंत गोष्ट जाते. त्यापेक्षा काळं बरं.

कुठलाही उपाय केला तरी त्वचेचा वरचा थर बदलायलाच महिनाभर लागतो. दोन-तीन महिन्यांच्या आत निकाल मागू नका.

काही वेळा मात्र थांबायचं नाही. सूज एकाच डोळ्याखाली असेल. सकाळी पापण्यांबरोबर पायही सुजत असतील. मान आणि काखही मखमलीसारखी काळी झाली असेल, कारण ते साखरेच्या आजाराकडे जाणारं लक्षण असू शकतं. वजन, केस, पाळी यांत एकदम बदल झाला असेल. तर डॉक्टरांकडे जा. काचबिंदूच्या काही थेंबांनीही डोळ्यांभोवती काळं येतं. थेंब मनाने बंद करू नका, ज्यांनी दिले त्यांना विचारा.

त्या ताईचं हिमोग्लोबिन ७.९ निघालं होतं. सिकलसेल नव्हता. लोहाच्या गोळ्या, जंताची गोळी, जेवणात बदल, पाळीच्या जास्त रक्तस्रावासाठी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवणी, एवढं केलं. लग्नात ती तशीच मिरवली. पेरणी आटोपल्यावर पुन्हा आली तेव्हा आकडा १०.८ वर होता. डोळ्यांखालचं काळं होतं, पण निळसरपणा बराच उतरला होता. तपकिरी उरलेलं तिच्या आईसारखंच होतं. लिंबाचा डाग अजून दिसत होता. खापराचं विचारलं तर ती क्षणभर आठवत राहिली. चुलीमागे ठेवलेला शेवटचा तुकडा कधी फेकला गेला, तिला सांगता आलं नाही.